तफावतीचा हिशेब : उन्हाळ्यातला ट्रॅक आणि तापलेले इंजिन

मे महिन्यात खंडाळ्याच्या किंवा कसाऱ्याच्या घाटात, रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून उभी असलेली गाडी दिसली की येणारे-जाणारे एकच निदान करतात : 'गाडी तापली.' निदान बहुधा बरोबर असते. त्यामागची समजूत मात्र तपासून पाहण्यासारखी आहे. इंजिन तापणे हाच बिघाड, आणि त्याला थंड करणे हाच उपाय, असे आपण धरून चालतो. वास्तविक इंजिन तापणारच. तापल्याशिवाय ते नीट चालतही नाही. खरा प्रश्न असतो तो एवढाच, की आत निर्माण होणारी उष्णता किती वेगाने बाहेर जाते आणि बाहेरची हवा ती घ्यायला किती राजी आहे.

हा प्रश्न सर्वांत उघडावाघडा दिसतो तो मोटारींच्या ट्रॅकवर. 'ट्रॅक-डे' हा प्रकार आता आपल्याकडेही रुळला आहे. यात शर्यत नसते, पहिला-दुसरा क्रमांक नसतो. हौशी चालक शुल्क भरून बहुधा आपलीच गाडी घेऊन येतो आणि पंधरा-वीस मिनिटांच्या पाळ्यांमध्ये, रस्त्यावर कधीच करता येणार नाही अशा वेगाने ती बंदिस्त ट्रॅकवर चालवतो. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई येथे १९९० साली सुरू झालेला सुमारे ३.७ किलोमीटरचा ट्रॅक आहे, कोईमतूरजवळ २.१ किलोमीटरचा करी मोटर स्पीडवे आहे. आणि ग्रेटर नोएडाला ५.१ किलोमीटरचे बुद्ध सर्किट आहे, जिथे २०११ ते २०१३ अशी तीन वर्षे फॉर्म्युला वनची शर्यत झाली. पुण्या-मुंबईची हौशी मंडळी यासाठी हजार-हजार किलोमीटरचा प्रवास करतात. त्यांच्यातल्या अनेकांना रविवारी ट्रॅकवर पळवलेल्या गाडीतूनच सोमवारी कामावर जायचे असते. इंजिन गेले तर हौसही जाते आणि घरची गाडीही जाते. म्हणून हा विषय केवळ श्रीमंती छंदाचा राहत नाही. शिवाय जे ट्रॅकवर वीस मिनिटांत घडते, तेच घाटात आणि उन्हाळ्यातल्या वाहतूक कोंडीत सावकाश घडत असते. ट्रॅक समजला की घाटही समजतो.

उष्णता येते किती?

पेट्रोल जळून जेवढी ऊर्जा मिळते, तिचा ढोबळमानाने एक तृतीयांश भागच चाके फिरवण्याच्या कामी येतो. साधारण तेवढाच भाग धुराड्यातून गरम धुराच्या रूपाने निघून जातो. उरलेला इंजिनाच्या धातूत शिरतो, आणि तिथून तो पाण्याच्या, तेलाच्या व आसपासच्या हवेच्या मार्गाने बाहेर काढावा लागतो. सिलिंडरमधल्या ज्वलनाचे तापमान क्षणभर २,००० अंश सेल्सिअसच्या वर जाते. अॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळते आणि त्याच्या मिश्रधातूंची ताकद २०० अंशांच्या पुढेच ढासळू लागते. म्हणजे इंजिन टिकते ते धातूच्या बळावर नव्हे. उष्णता धातूत साचण्याआधी कुणीतरी ती उचलून नेत असते म्हणून.

रस्त्यावर ताशी ९० किलोमीटरच्या स्थिर वेगाने जाणाऱ्या छोट्या मोटारीला जेमतेम १५ किलोवॅट शक्ती लागते. तिचे इंजिन मात्र ७५ किलोवॅटचे, म्हणजे शंभर अश्वशक्तीचे असू शकते. महामार्गावर आपण इंजिनाच्या ताकदीचा पाचवा हिस्साच वापरत असतो. ओव्हरटेक करताना काही सेकंद तेवढी ती सगळी वापरली जाते. ट्रॅकवर हे उलटे होते. वळणावर ब्रेक लावण्याचे काही क्षण सोडले तर अॅक्सिलरेटर जमिनीला टेकलेला असतो. अशा ७५ किलोवॅटच्या इंजिनातून पूर्ण शक्तीच्या वेळी पाण्याकडे येणारी उष्णता साधारण ६० किलोवॅट धरता येईल. घरातला पाणी तापवण्याचा गीझर दोन किलोवॅटचा असतो. असे तीस गीझर एका बॉनेटखाली एकाच वेळी चालू आहेत, अशी कल्पना करावी.

माठापासून जाळीपर्यंत

पहिल्या मोटारीने हा प्रश्न माठाच्या पद्धतीने सोडवला होता. कार्ल बेंझच्या १८८६ सालच्या तीनचाकी गाडीत इंजिनाभोवतीचे पाणी उकळून वाफ होऊन जात असे आणि जाताना उष्णता घेऊन जाई. माठात पाणी झिरपून वाळते आणि आतले गार होते, तेच तत्त्व. फक्त इथे तापमान उकळत्या पाण्याचे. ही पद्धत परिणामकारक आहे. एक किलो पाण्याची वाफ होताना ते सुमारे २,२५० किलोज्यूल उष्णता नेते. तेच पाणी २० अंशांवरून १०० अंशांपर्यंत नुसते तापवले तर जेमतेम ३३५ किलोज्यूल नेते. अडचण अशी, की पाणी संपत जाते. ऑगस्ट १८८८ मध्ये बेर्टा बेंझ आपल्या दोन मुलांना घेऊन नवऱ्याच्या गाडीतून मानहाइमहून फोर्झहाइमला गेली. सुमारे शंभर किलोमीटरच्या त्या प्रवासात तिला वाटेत पुन्हा पुन्हा पाणी भरून घ्यावे लागले.

पाऊण अश्वशक्तीच्या इंजिनाला हे परवडले. शक्ती वाढली तसे तेच पाणी फिरवून पुन्हा वापरणे भाग पडले. यातले निर्णायक पाऊल विल्हेल्म मायबाखचे. १९०१ साली नीसच्या शर्यतींत गाजलेल्या ३५ अश्वशक्तीच्या मर्सिडीस गाडीला त्याने मधमाश्यांच्या पोळ्यासारखा रेडिएटर बसवला. त्यात सहा मिलिमीटर रुंदीच्या आठ हजारांहून अधिक चौकोनी नळ्या होत्या. नळ्यांतून हवा जायची आणि त्यांच्यामधल्या बारीक फटींतून पाणी. लागणारे पाणी जवळपास निम्म्यावर आले. आजच्या रेडिएटरमध्ये चपट्या नळ्यांतून पाणी वाहते आणि त्यांच्यामधल्या पातळ पत्र्यांच्या जाळीतून हवा जाते. रचना उलटली, पण तत्त्व तेच आहे : थोड्या पाण्याची गाठ पुष्कळ हवेशी घालून द्यायची.

'पुष्कळ' म्हणजे किती, ते पाहण्यासारखे आहे. आपल्या उदाहरणातले ६० किलोवॅट वाहून नेण्यासाठी, पाणी रेडिएटरमध्ये दहा अंशांनी निवते असे धरले, तर सेकंदाला साधारण दीड लिटर पाणी फिरवावे लागते. तीच उष्णता हवेच्या स्वाधीन करायची, आणि हवा जाळीतून जाताना ३५ अंशांनी तापते असे धरले, तर सेकंदाला सुमारे दीड घनमीटर, म्हणजे दीड हजार लिटर हवा लागते. दीड लिटर पाण्याचे ओझे उतरवून घ्यायला दीड हजार लिटर हवा! इंजिन पाण्याने थंड होते असे आपण म्हणतो. पण पाणी हा नुसता हमाल आहे. माल अखेर हवेलाच घ्यायचा असतो.

तफावत

हवा हा माल किती घेणार, हे ठरते दोघांच्या तापमानातल्या तफावतीवर. या लेखातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे आणि तिला फक्त वजाबाकी लागते.

जानेवारीतल्या सकाळी हवा २० अंशांवर आहे आणि इंजिनातले पाणी ९५ अंशांवर. तफावत ७५ अंशांची. मे महिन्यात हवा ४० अंशांवर गेली, की तीच तफावत ५५ अंशांची उरते. रेडिएटर तोच, पंखा तोच, गाडीचा वेग तोच. तरी त्याची उष्णता टाकण्याची क्षमता चौथ्या हिश्शाहून अधिक घटली. त्यात तापलेली हवा विरळ होते. ४० अंशांची हवा २० अंशांच्या हवेपेक्षा सुमारे सहा टक्के हलकी असते, म्हणजे तेवढ्याच आकारमानात माल उचलणारे हातही कमी.

मग इंजिन काय करते? ते तफावत भरून काढते. ६० किलोवॅट आत येत आहेत आणि बाहेर मात्र ४५च जात आहेत, तर उरलेल्या १५ मुळे पाणी तापत जाते. ते तापले की तफावत वाढते आणि बाहेर जाणारी उष्णताही वाढते. पाणी ११५ अंशांवर पोहोचले, की ४० अंशांच्या हवेशी त्याची तफावत पुन्हा ७५ होते आणि तोल साधतो. काटा चढतो तो इंजिन बिघडले म्हणून चढतोच असे नाही. इंजिन नवा तोल शोधत असते. तो तोल पाणी उकळण्याच्या अलीकडे सापडतो की पलीकडे, एवढ्यावर सगळे अवलंबून राहते. अलीकडे सापडला, तर गाडी चटके सोसत पाळी पूर्ण करते. पलीकडे असेल, तर ती तिथवर पोहोचतच नाही.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. वेधशाळा सांगते ते तापमान सावलीतले, लाकडी पेटीत, जमिनीपासून चार-पाच फूट उंचीवर मोजलेले असते. रेडिएटर मात्र माणसाच्या गुडघ्याच्या उंचीवर, उन्हात तापलेल्या डांबरालगतची हवा घेतो. समोर दुसरी गाडी चिकटून धावत असेल, तर तिने टाकलेली गरम हवा पदरात पडते. आपल्या गाडीत एअर कंडिशनरचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे बसवलेला असतो. टर्बो गाडीत तिथेच इंटरकूलरही असू शकतो. त्यातून पार होऊन येणारी हवा रेडिएटरपर्यंत आधीच तापून पोहोचते. रेडिओवर ४० सांगितले, तरी रेडिएटरच्या वाट्याला ४० येत नाहीत.

दमट हवेचे गणित मात्र वेगळे आहे. चेन्नईच्या उन्हाळ्यात माणसाचा जीव नकोसा होतो, कारण घाम वाळत नाही. रेडिएटरला घाम येत नाही. त्याचा कारभार कोरड्या तफावतीवर चालतो, त्यामुळे दमटपणाचा त्याला फारसा फरक पडत नाही. म्हणून अशा हवेत हेल्मेट आणि जाड कपडे घातलेला चालक गाडीच्या आधी कोलमडू शकतो. गाडीचा काटा जागेवर आहे, एवढ्यावरून सगळे ठीक आहे असे समजू नये.

झाकणातली स्प्रिंग

तोल ११५ अंशांवर साधायचा, तर पाणी ११५ अंशांना उकळता कामा नये. उघड्या पातेल्यात ते १०० अंशांना उकळते. रेडिएटरच्या किंवा कूलंटच्या टाकीच्या झाकणात म्हणूनच एक स्प्रिंग असते. ती आतला दाब बाहेरच्यापेक्षा साधारण एक बारने वाढू देते, आणि त्या दाबाखाली साधे पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत उकळत नाही. आपल्या स्वयंपाकघरातल्या कुकरच्या शिट्टीचे आणि या झाकणाचे काम एकच.

आता कल्पना करा, की स्प्रिंग सैल झाली आहे किंवा झाकणाचे रबर चिरले आहे. दाब धरला जात नाही. उकळण्याची मर्यादा १२० वरून १०० वर येते. जानेवारीत ९५ अंशांवर तोल साधणाऱ्या गाडीला हे कळतही नाही. मे महिन्यात, ट्रॅकवर, तिसऱ्या फेरीत ते कळते. संपूर्ण शीतन यंत्रणेतला हा सर्वांत स्वस्त भाग, आणि उन्हाळ्यातली सगळी उसंत त्याच्यावर अवलंबून. ट्रॅकवर जाण्याआधी चांगल्या प्रतीचे, गाडीच्या मूळ दाबाचेच नवे झाकण बसवणे, याइतका स्वस्त विमा नाही. मूळपेक्षा फार जास्त दाबाचे झाकण लावणे मात्र धोक्याचे; मग जुना होजपाइप किंवा रेडिएटरची प्लॅस्टिकची टाकी फाटते.

पाणी उकळले की काय बिघडते? वाफ उष्णता नेतेच की, जशी बेंझच्या गाडीत नेत होती. फरक असा, की आजच्या इंजिनात एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या आसपासच्या अरुंद वाटांमध्ये प्रत्येक चौरस सेंटिमीटरमागे प्रचंड उष्णता येते. तिथे बारीक बुडबुडे निघणे नेहमीचेच असते, आणि ते पाण्याच्या प्रवाहात विरून जातात तोवर उपकारकही असते. परंतु दाब गेला की बुडबुड्यांचा सलग पडदा होतो. धातू आणि पाणी यांच्यामध्ये वाफ येते, आणि वाफेतून उष्णता फार मंद गतीने जाते. त्या जागेचे तापमान एकदम उसळते.

त्यानंतरची साखळी गॅरेजमध्ये सगळ्यांना तोंडपाठ असते. हेड अॅल्युमिनियमचे आणि पुष्कळ इंजिनांत खालचा ब्लॉक बिडाचा. तापले की अॅल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट पसरते. ४० सेंटिमीटर लांबीचे हेड ५० अंशांनी अधिक तापले, तर दोघांच्या पसरण्यात सुमारे पाव मिलिमीटरचा फरक पडतो. आणि हेडचा पृष्ठभाग किती सपाट असावा, याची मर्यादा अनेक गाड्यांच्या दुरुस्तीपुस्तिकांत ०.०५ मिलिमीटरच्या आसपास दिलेली असते. बोल्टांनी जखडलेले हेड मग वाकते, गॅस्केट उडते, ज्वलनाचा वायू पाण्यात शिरतो, तो उरलेले पाणी बाहेर ढकलतो, आणि पाणी कमी झाले म्हणून तापमान आणखी वाढते. मेकॅनिक 'हेड उतरवून फेसिंग करावे लागेल' असे सांगतो, तेव्हा ही सगळी साखळी घडून गेलेली असते. तिला एक-दोन मिनिटे पुरतात.

पाणी की कूलंट?

कूलंट म्हणजे मुख्यतः एथिलीन ग्लायकॉल, आणि त्यात गंज रोखणारी द्रव्ये. ग्लायकॉलचे मूळ काम थंड प्रदेशात पाणी गोठू न देण्याचे. निम्मे पाणी आणि निम्मे ग्लायकॉल असे मिश्रण एक बार दाबाखाली १२८ अंशांच्या आसपास उकळते, म्हणजे मर्यादा आठ-दहा अंशांनी वर जाते. बदल्यात हे मिश्रण वजनाला वजन पाण्यापेक्षा कमी उष्णता उचलते आणि दाटही असते. थोडक्यात, हमालाला चटका कमी लागतो, पण तो ओझेही कमी नेतो.

आपल्या हवेत पाणी गोठण्याचे भय नाही. त्यामुळे ट्रॅकवर नियमित जाणारे पुष्कळ जण ग्लायकॉलचे प्रमाण कमी ठेवतात, किंवा शुद्ध पाण्यात केवळ गंजरोधक द्रव्य घालतात. यामागे आणखी एक कारण आहे. ग्लायकॉल ट्रॅकवर सांडले तर ते लवकर वाळत नाही आणि मागून येणाऱ्याची, विशेषतः मोटारसायकलस्वाराची, गाडी घसरते. मोटारसायकलींच्या अनेक शर्यतींत म्हणूनच ग्लायकॉलला मनाई असते. मात्र रोजच्या वापरातल्या गाडीसाठी उत्पादकाने सांगितलेले कूलंट योग्य प्रमाणात वापरणे हाच शहाणपणा. नळाचे किंवा बोअरवेलचे पाणी तर टाळावेच. दख्खनच्या पठारावर बोअरचे पाणी क्षारयुक्त असते, हे गीझरची कॉइल पाहिलेल्या कुणालाही सांगावे लागत नाही. तोच पांढरा थर रेडिएटरच्या नळ्यांत बसतो. आणि तो अॅल्युमिनियमच्या शंभराव्या हिश्श्याइतकीही उष्णता वाहू देत नाही.

हवेची वाट

काटा चढू लागला की पुष्कळ जणांच्या मनात पहिला विचार येतो तो मोठा रेडिएटर बसवण्याचा. तो चुकीचा नाही, पण त्याच्या आधी करण्यासारख्या गोष्टी आहेत. हवा आळशी असते. ती सोपी वाट धरते. रेडिएटर आणि बंपर यांच्यामध्ये बोटभर फट असली, तरी समोरून आलेली हवा जाळीत शिरण्याऐवजी बाजूने निघून जाते. फोमच्या पट्ट्या आणि अॅल्युमिनियमचा पत्रा वापरून या फटी बुजवल्या, तर एकही सुटा भाग न बदलता फरक पडतो. जाळीत अडकलेले किडे, चिखल, ट्रॅकवरचे रबराचे कण, आणि कंडेन्सर व रेडिएटर यांच्यामधल्या सांदीत साचलेला धुळीचा लगदा, हेही काढले पाहिजे. तो मागच्या बाजूने, हलक्या धारेने धुवावा. जोराच्या फवाऱ्याने जाळीचे पत्रे वाकतात.

रेडिएटर बदलायचाच, तर तो जाड घ्यावा की रुंद? इथेही तफावतच उत्तर देते. जाड जाळीच्या मागच्या थरांपर्यंत पोहोचेतो हवा तापलेली असते, त्यामुळे प्रत्येक वाढीव थर आधीच्यापेक्षा कमी काम करतो. जागा असेल तर तोंडाचे क्षेत्रफळ वाढवणे बरे.

हवा आत घेण्याइतकेच तिला बाहेर सोडणे महत्त्वाचे. विमानांत हा धडा १९३०च्या दशकात गिरवला गेला. इंग्लंडमध्ये फार्नबरोच्या संशोधन संस्थेत एफ. डब्ल्यू. मेरेडिथ यांनी १९३५च्या सुमारास दाखवून दिले, की लहान तोंडातून घेतलेली हवा रुंद होत जाणाऱ्या नळीतून रेडिएटरपर्यंत हळू आणली आणि नंतर निमुळत्या वाटेने बाहेर सोडली, तर रेडिएटरमुळे होणारा हवेचा अडथळा मोठ्या प्रमाणात भरून निघतो. दुसऱ्या महायुद्धातल्या मस्टँग विमानाच्या पोटाखालचा फुगवटा याच विचाराचा. मोटारीत असे पंखाविमानाचे लाभ मिळत नाहीत, पण धडा लागू पडतो. बॉनेटखाली कोंडलेली हवा पुढच्या हवेला आत येऊ देत नाही. म्हणून बॉनेटवर, रेडिएटरच्या लगेच मागे, जिथे वेगात हवेचा दाब कमी असतो, तिथे झरोके ठेवले तर उपयोग होतो. काही जण बॉनेटची मागची कड वॉशर लावून उचलून ठेवतात. गाडी उभी असताना त्यातून गरम हवा निघते, हे खरे. परंतु वेगात विंडस्क्रीनच्या पायथ्याशी हवेचा दाब उलट जास्त असतो. गाडीच्या आत हवा घेण्याचे तोंड कंपन्या तिथेच ठेवतात, ते याच कारणाने. त्यामुळे ट्रॅकवर त्या फटीतून हवा बाहेर येण्याऐवजी आत जाण्याचा संभव असतो.

लांब सरळ पट्टा असलेल्या बुद्ध सर्किटवर गाडीला निदान वाऱ्याचा झोत मिळतो. छोट्या, वळणावळणाच्या ट्रॅकवर इंजिन तेवढेच राबते, पण वेग कमी म्हणून हवा कमी. घाटात दुसऱ्या गिअरमध्ये चढणारी भरलेली गाडी तापते, त्याचेही कारण हेच.

थर्मोस्टॅट काढावा का?

'थर्मोस्टॅट काढून टाका, गाडी तापणार नाही', हा सल्ला आपल्याकडे इतका सर्रास दिला जातो, की तो स्वतंत्रपणे तपासायला हवा. थर्मोस्टॅट ही मेणाच्या गोळीवर चालणारी झडप. साधारण ८० ते ९० अंशांच्या दरम्यान मेण वितळून फुगते आणि रेडिएटरची वाट उघडते. पाणी त्याहून तापले, की ती पूर्ण उघडी असते. म्हणजे ११० अंशांवर धापा टाकणाऱ्या गाडीत चांगला थर्मोस्टॅट आडवा येतच नाही. उलट, अनेक इंजिनांत हीच झडप उघडताना रेडिएटर टाळून जाणारी आडवाट बंद करते. ती काढली, की आडवाट कायमची उघडी राहते आणि काही गरम पाणी न निवताच इंजिनात परतते. आणि थंडीच्या दिवसांत इंजिन पुरेसे तापत नाही, तेल घट्ट राहते, झीज वाढते. थर्मोस्टॅट अडकत असेल तर नवा घालावा. रिकामी जागा हा पर्याय नाही.

याच्या जोडीला 'पाणी हळू फिरले तर जास्त निवते' असेही सांगितले जाते. एकेका थेंबापुरते ते खरे आहे. पण वाट बंदिस्त आहे. रेडिएटरमध्ये जास्त वेळ थांबणारा थेंब इंजिनातही जास्त वेळ थांबतो आणि जास्त तापतो. पाणी वेगाने फिरले, तर रेडिएटर वरपासून खालपर्यंत गरम राहतो, हवेशी त्याची सरासरी तफावत वाढते आणि उष्णता अधिक जाते.

तेल आणि काटा

पाण्याच्या काट्याकडे सगळे पाहतात. तेलाचे तापमान दाखवणारा काटा बहुतेक गाड्यांत नसतोच. पिस्टनचा माथा, क्रँकचे बेअरिंग, टर्बोचा दांडा यांच्यापर्यंत पाणी थेट पोहोचत नाही. तिथली उष्णता मुख्यतः तेल नेते. तेल पाण्यापेक्षा सावकाश तापते आणि सावकाश निवते. त्यामुळे पहिल्या पाळीत सगळे सुरळीत वाटते आणि तिसऱ्या पाळीत दगा होतो. १३० अंशांच्या पुढे तेल पातळ होत जाते आणि बेअरिंगमधला त्याचा थर क्षीण होतो. नियमित ट्रॅकवर जाणाऱ्याने तेलाच्या तापमानाचा काटा बसवावा, गरज दिसली तर ऑइल कूलर घालावा, आणि तेल नेहमीपेक्षा लवकर बदलावे.

पाण्याच्या काट्यावरही डोळे मिटून विसंबता येत नाही. चालक घाबरू नये म्हणून अनेक गाड्यांत तो मुद्दाम मध्यावर स्थिर राहील असा केलेला असतो. तापमान वीस-तीस अंशांनी हलले तरी काटा हलत नाही, आणि हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. त्याहून फसवी गोष्ट म्हणजे पाणी सांडून गेलेल्या इंजिनात सेन्सर पाण्याबाहेर उघडा पडतो आणि काटा खालीही येऊ शकतो. चढलेला काटा एकाएकी खाली आला, तर सुटकेचा निःश्वास टाकू नये. गाडी थांबवून पाहावे. गाडीच्या संगणकातून खरे अंश वाचून दाखवणारे छोटे उपकरण स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये बसवता येते. ते महाग नसते.

चालकाच्या हाती

शेवटी एक उपाय असा आहे, ज्याला सुटे भाग लागत नाहीत : उष्णता कमी निर्माण करणे. एअर कंडिशनर बंद ठेवावा. एक गिअर वरचा घेऊन फेरे कमी ठेवावेत. दोन सेकंद जास्त लागतील. उन्हाळ्यात पाळी वीस मिनिटांऐवजी दहा मिनिटांची करावी. शेवटची फेरी ब्रेक न वापरता, वरच्या गिअरमध्ये, हलक्या पायाने घ्यावी. तेव्हा वारा भरपूर असतो आणि आग कमी. आत आल्यावर इंजिन तडकाफडकी बंद करू नये. पंप थांबला की पाणी जागच्या जागी राहते आणि धातूत साठलेली उष्णता त्याच पाण्यात उतरते. मिनिट-दोन मिनिटे ते तसेच चालू द्यावे, बॉनेट उघडावे, मग बंद करावे. ट्रॅकवरच काटा चढला, तर पाय उचलावा आणि काचा खाली करून हीटर पूर्ण गरमवर, पंखा पूर्ण वेगावर ठेवावा. तो एक छोटा जादा रेडिएटरच असतो. वाफ दिसली की गाडी कडेला घेऊन इंजिन बंद करावे.

आणि झाकण उघडू नये. ट्रॅक असो की घाट, अपुऱ्या माहितीची किंमत इथे गाडी नव्हे, माणूस मोजतो. ११० अंशांवर दाबाखाली असलेल्या सहा लिटर पाण्याचे झाकण उघडले, की दाब जातो आणि जास्तीचे दहा अंश वाफेच्या रूपाने तत्क्षणी बाहेर पडतात. त्यासाठी फक्त ११० ग्रॅम पाण्याची वाफ व्हावी लागते. पण त्या वाफेचे आकारमान सुमारे १८५ लिटर होते. ती झाकणाच्या वीतभरही नसलेल्या तोंडातून, उरलेले उकळते पाणी सोबत घेऊन, वाकून पाहणाऱ्याच्या चेहऱ्यावर येते. ओले फडके धरून, अर्धा आटा फिरवून, हळूच, अशा कोणत्याही युक्तीने ही वजाबाकी बदलत नाही. वरचा होजपाइप हाताने आरामात धरता येईपर्यंत थांबावे. त्याला अर्धा-पाऊण तास लागतो. तापलेल्या इंजिनावर गार पाणीही ओतू नये, नाहीतर वाचलेले हेड तेव्हा तडकते.

हवा किती तापावी हे आपल्या हाती नाही. पाणी कुठवर उकळू नये, हवा कोणत्या वाटेने जावी आणि पाय केव्हा उचलावा, हे मात्र आहे. उन्हाने खाल्लेले वीस अंश या तिघांकडून थोडे थोडे परत मिळवावे लागतात. मे महिन्यात ट्रॅकवर जाणाऱ्याने घरून निघण्यापूर्वी झाकण, फटी आणि तेल एवढे तपासून घ्यावे. घाटातून गावी जाणाऱ्यानेही.